माप सहाही ठिकाणी सारखं पडलं पाहिजे

आमच्याकडे गाडी लागते तेव्हा तिचं निदान बहुतेक वेळा आधीच उरकलेलं असतं. ढाब्यावर भेटलेला दुसरा ड्रायव्हर, टायरवाला आणि शेठचा मेहुणा अशा पंचांनी निकाल देऊन टाकलेला असतो, ‘इंजेक्टर गेले.’ मी नाशिकला आडगावच्या बाजूला डिझेल पंप आणि इंजेक्टरची कामं करतो. इनलाइन पंपाच्या जमान्यात हात काळे केले, आता कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच ‘रेल’ नळीतून दाबाखाली डिझेल देणाऱ्या पद्धतीच्या, टेस्ट बेंचवर बसतो. न्हावाशेव्याचे कंटेनर, लासलगावचा कांदा, द्राक्षांच्या एसी गाड्या, खडीचे हायवा असं सगळं दाराशी येतं. अडीचशे-तीनशे हॉर्सपॉवरचं सहा सिलेंडरचं इंजिन आता कुणाला नवलाईचं वाटत नाही. ५५ टनांचा ट्रेलर कसारा घाट चढवायचा तर तेवढा जोर लागतोच. या इंजिनांचे इंजेक्टर काढताना, तपासताना आणि बसवताना जे हाती लागलं, ते आकडे टाकून लिहितो.

१. इंजेक्टरला हात लावायच्या आधी बाकी सगळं बघा.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. यातलं ‘हवा कमी’ कुणाच्या लक्षात येत नाही. एअर फिल्टर धुळीनं बुजलेला, इंटरकूलरच्या पाइपचा क्लिप सैल, टर्बोच्या रबरी होजला खालच्या बाजूनं चीर. गाडी ओढत नाही आणि खापर फुटतं इंजेक्टरवर. डिझेल फिल्टर तुंबला तर लोडवर रेलचं प्रेशर टिकत नाही, चेक लाइट लागते, गाडी आपणहून जोर कमी करते. तेव्हाही पंचांचा निकाल तोच.

बीएस-सिक्सनं, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांनी, यात आणखी एक गंमत केली. सायलेन्सरमध्येच काजळी अडवणारा फिल्टर बसला, त्यामुळे इंजेक्टर ठिबकत असला तरी मागे धूर दिसत नाही. काजळी आत साठते, ती जाळायला गाडी वारंवार ‘रिजन’ मागते आणि ड्रायव्हर म्हणतो सायलेन्सर जाम झाला. अशा गाडीची मी आधी ऑइलची डिपस्टिक काढतो. एका शेठनं मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, ‘भाऊ, बाकी काही असो, या इंजिनाला ऑइल टाकावंच लागत नाही. उलट थोडं वाढतंच!’ डिपस्टिक नाकाशी नेली तर डिझेलचा सणसणीत वास. इंजेक्टरमधून गळलेलं न जळलेलं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरत होतं आणि ऑइल पातळ करत होतं. आणखी काही दिवस ती गाडी तशीच चालती, तर क्रँकचे बेअरिंग गेले असते. ऑइल कमी होणं जितकं वाईट, तितकंच ते वाढणंही, हे ड्रायव्हर लोकांना मी आता आवर्जून सांगतो.

२. चांगला इंजेक्टर जास्त डिझेल सोडत नाही, सारखं सोडतो.

हे समजावून सांगताना माझा अर्धा दिवस जातो, पण सांगायचं मुख्य ते हेच. ६.७ लिटरचं, तीनशे हॉर्सपॉवरचं सहा सिलेंडरचं इंजिन पूर्ण लोडवर असतं तेव्हा एका इंजेक्टरनं एका वेळी सोडायचं डिझेल साधारण १३० ते १४० घनमिलिमीटर. पाण्याचा एक थेंब ५० घनमिलिमीटरच्या आसपास धरला, तर अडीच-तीन थेंब झाले. हे अडीच-तीन थेंब दोनेक मिलिसेकंदांत, सोळाशे-अठराशे बारच्या दाबानं, बारीक तुषार करून आत पोचवायचे. त्याच्याही आधी एक छोटा फवारा असतो, पायलट. तो एक-दोन घनमिलिमीटरचा. इंजिनाची टकटक या पायलटमुळे कमी होते. थेंबाचा पंचविसावा ते पन्नासावा हिस्सा मोजून द्यायचा आणि तोही दर वेळी तेवढाच.

आता याला वेळेनं गुणा. दीड हजार आरपीएमवर फोर-स्ट्रोक इंजिनाचा एक सिलेंडर मिनिटाला ७५० वेळा पेटतो, तासाला ४५ हजार वेळा. दहा तास गाडी पळाली की एकेका इंजेक्टरचं साडेचार लाख वेळा काम झालं, पायलट वेगळाच. म्हणून नवीन असताना उत्तम चालणं ही मी गुणवत्ता धरत नाही. दोन-तीन लाख किलोमीटरनंतर माप किती सरकलं, यावर इंजेक्टरची लायकी ठरते.

आणि सहाचं जमलं पाहिजे. सहाबैली नांगराला एक बैल हलका जुंपला की बाकी पाचांच्या मानेवर ओझं येतं, जमीनही वाकडी नांगरली जाते, इंजिनाचं तसंच. एक सिलेंडर कमी डिझेल घेतो, कॉम्प्युटर एकूण जोर भरून काढायला बघतो, ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबून धरतो आणि जो सिलेंडर आधीच जास्त घेत होता तो तापतो. पिस्टनला भोक पडतं ते बहुतेक वेळा त्याच सिलेंडरचं.

आयडलिंगला ही तफावत झाकली जाते. प्रत्येक सिलेंडरच्या ठोक्याला फ्लायव्हीलचा वेग किती वाढला हे कॉम्प्युटर मोजतो आणि कमीजास्त करून इंजिन गुळगुळीत ठेवतो. म्हणून गाडी शेडमध्ये छान उभी राहते आणि घाटात दम टाकते. स्कॅनर लावून प्रत्येक सिलेंडरची ही दुरुस्ती बघावी. पाच सिलेंडरचे आकडे शून्याच्या आजूबाजूला आणि एकाचाच लांब गेलेला असेल, तर सुरुवात तिथून करायची.

३. ‘मोठं नोझल टाका’ म्हणणाऱ्याला आधी चहा पाजा.

तरुण मालकांना मोबाइलवर अमेरिकेतल्या पिकअप ट्रकांचे व्हिडिओ दिसतात. तिथे पन्नास हॉर्सपॉवरचे, शंभर हॉर्सपॉवरचे जादा इंजेक्टर अशी सरळ वर्गवारी करून माल विकला जातो. छिद्रं मोठी, डिझेल जास्त. तिथला गडी ते हौसेनं लावतो, मैदानात ट्रेलर ओढायच्या शर्यतीत उतरतो, आणि इंजिन फुटलं तर पुढच्या शनिवारी दुसरं बसवतो. आपली गाडी हप्त्यावर असते.

जोर डिझेलमुळे येतो हे अर्धंच खरं. त्या डिझेलला पुरेशी हवा, योग्य वेळ आणि बारीक तुषार मिळाले तरच जोर. नोझलची छिद्रं मोठी केली की त्याच दाबाला तुषार जाड होतो, तो नीट जळत नाही, एक्झॉस्टचं तापमान चढतं, टर्बो लाल होतो. शर्यतीच्या ट्रकांचंच उदाहरण घ्या. बुद्ध सर्किटवर २०१४ पासून टाटांनी प्रायमा ट्रकांच्या शर्यती भरवल्या, पुढे हजारावर हॉर्सपॉवरचा ट्रकही उतरवला. युरोपातल्या ट्रक रेसिंगमध्येही हजारावर हॉर्सपॉवर चालते, पण ताशी १६० किलोमीटरची मर्यादा आहे आणि डोळ्यांना दिसेल असा धूर सोडला तर दंड होतो. म्हणजे एवढा जोर काढायचा आणि तोही स्वच्छ जाळून. तिथे टर्बो, कूलिंग, पिस्टन सगळंच त्या मापाचं असतं. नुसतं नोझल बदलून त्यातलं काहीच मिळत नाही. डिझेलचा खर्च तेवढा वाढतो.

४. नोझल दुर्बिणीखाली ठेवल्याशिवाय त्याच्या जातीबद्दल बोलू नका.

नाशिककरांना नोझल नवं नाही. सातपूरला नोझल बनवणारा मायकोचा कारखाना आला आणि या शहरात घरटी नाही तरी गल्लीत एक माणूस नोझलच्या कामावर असायचा. २००८ मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, पण मायको सर्कल अजून मायको सर्कलच आहे. जुन्या नोझलची परीक्षा आम्ही हातानं आणि कानानं करायचो. सुई डिझेलमध्ये बुडवून बॉडीत एक तृतीयांश बाहेर धरायची आणि सोडायची. स्वतःच्या वजनानं ती सावकाश, न अडखळता खाली बसली पाहिजे. मग हातपंपावर लावायचं, दोनशे-अडीचशे बारला ते उघडायचं आणि खर्रर्र असा आवाज द्यायचं. आवाज ऐकून नोझल ठेवायचं की फेकायचं हे सांगणारे कारागीर होते.

कॉमन रेलमध्ये तो कान उपयोगाचा राहिला नाही. सुई आणि बॉडीमधलं अंतर दोन-चार मायक्रॉन, छिद्र मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या भागाएवढं. छिद्रं विजेच्या ठिणगीनं पाडतात, मग त्यांतून दाबानं कण मिसळलेला द्रव सोडून आतल्या कडा गोल करतात. हे कडा गोल करणं महाग पडतं आणि नकली माल बनवणारे नेमकं तेच टाळतात. बाहेरून नोझल अस्सलासारखंच चकाकतं, कोरलेला नंबर बरोबर असतो. दुर्बिणीखाली छिद्राच्या तोंडाशी बारीक चरचरीत कड दिसते, एक छिद्र दुसऱ्यापेक्षा किंचित खाली गेलेलं असतं. अस्सल सुईवर बऱ्याचदा काळपट चकचकीत कार्बनचा थर असतो, अतिशय कडक. नकलीवर नुसता काळा रंग. अशी सुई पहिल्या महिन्यात बेंचवर अस्सलाइतकंच माप देते, हीच पंचाईत. ती झिजते नंतर, आणि तोवर विकणारा आपला फोन उचलत नाही.

५. छापील ‘पास’वर समाधान मानू नका.

बेंचवरून इंजेक्टरचा कागद निघतो. पूर्ण लोड, अर्धा लोड, आयडलिंग, पायलट, गळती अशा प्रत्येक ठिकाणी आकडा आणि शेजारी हिरव्या अक्षरात पास. कंपनीनं दिलेल्या वरच्या-खालच्या मर्यादेत बसलं की मशीन पास म्हणतं. पण एक इंजेक्टर वरच्या काठावर पास, दुसरा खालच्या काठावर पास, असे दोन शेजारी बसवले तर इंजिन अडखळणारच. मी सहाही कागद एकाखाली एक ठेवतो आणि आडवे वाचतो.

बेंचही नीट चालवावा लागतो. टेस्टचं तेल ठरावीक दर्जाचं असतं, आयएसओ ४११३ चं, आणि ते ४० अंशांवर आणून मोजायचं असतं. डिसेंबरात सकाळी नाशिकच्या थंडीत मशीन चालू केल्याबरोबर घेतलेलं माप आणि तासाभरानंतरचं माप यांत फरक पडतो. घाईच्या गिऱ्हाइकाला हे पटत नाही. ‘गाडी पोर्टला लागायचीय हो!’ लागू दे, पण तेल तापल्याशिवाय मी कागद देत नाही.

गळतीचं एक सांगतो. कारच्या इंजेक्टरला वरून रिटर्नची नळी असते, तिथे बाटल्या लावून कोणती लवकर भरते ते दिसतं. ट्रकच्या बऱ्याच इंजिनांत रिटर्न हेडच्या आतूनच जातो, बाटली लावायला जागा नाही. तिथे रेलवरून एकेका सिलेंडरची लाइन टोपी लावून बंद करायची आणि एकूण रिटर्न कितीनं घटला ते मोजायचं. वेळखाऊ आहे. पण हे न करता सहाही इंजेक्टर बदलणं म्हणजे एका फाटक्या खिशासाठी सगळा ड्रेस नवा शिवणं.

६. इंजेक्टरला मारणारा बहुतेक वेळा टाकीत असतो.

डिझेलमधलं गंधक बीएस-थ्रीला ३५० पीपीएमवर होतं, बीएस-फोरला ५० वर आलं, बीएस-सिक्सला १० वर. हवेला चांगलं. पण गंधक काढायच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक वंगणाचा गुणही जातो, म्हणून रिफायनरी वंगण देणारी रसायनं परत मिसळते. त्याची चाचणीही ठरलेली आहे, घासून पडणारा व्रण ४६० मायक्रॉनच्या वर जायचा नाही. पंप आणि इंजेक्टरला दुसरं ऑइल मिळत नाही, डिझेलच त्यांचं ऑइल. त्यात कुणी रॉकेल ओतलं की ते कोरडं पडतं. हायवेलगत स्वस्तात ‘बायोडिझेल’ म्हणून ड्रममधून विकलं जातं त्यात काय असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मी अशा गाड्यांचे इंजेक्टर उघडलेत. आत मेणचट पिवळा थर, सुई चिकटलेली, नखानं खरवडून निघत नाही. लिटरमागे वाचवलेले पाच-दहा रुपये एका बिलात परत गेले.

पाण्याचं तर विचारू नका. पावसाळ्यात रिकामी टाकी ठेवून गाडी उभी केली की आत दव धरतं. फिल्टरखालचा पाणी सोडायचा नळ वर्षानुवर्षं कुणी उघडलेला नसतो. सुईवर गंजाचा ठिपका पडला की तो इंजेक्टर संपला, त्याला बेंच काही करू शकत नाही.

आणि फिल्टर! नव्या फिल्टरमध्ये वरून डिझेल ओतून तो बसवायची सवय मिस्त्री लोकांत अजून आहे. इनलाइनला चालून जायचं. कॉमन रेलच्या मुख्य फिल्टरमध्ये बाटलीतून ओतलेलं डिझेल गाळलेल्या बाजूला गेलं की त्यातली घाण थेट रेलमध्ये, इंजेक्टरपर्यंत. फिल्टर कोरडा बसवा आणि हाताचा पंप मारून हवा काढा. पाच मिनिटं जास्त लागतील.

७. चालू इंजिनवर नट सैल करू नका.

पूर्वी मिसिंगचा सिलेंडर शोधायला एकेका पाइपचा नट ढिला करायचो, आवाज बदलला नाही की तोच. ही सवय हातात इतकी मुरलीय की नव्या इंजिनावरही पाना आपोआप जातो. अशोक लेलँडनं बीएस-फोरमध्येही मोठ्या गाड्यांत इनलाइन पंप टिकवला होता, त्यामुळे दोन्ही प्रकारची इंजिनं एकाच शेडमध्ये उभी असतात आणि गोंधळ वाढतो. पण कॉमन रेलवर नट ढिला केला तर सोळाशे बारची धार कातडी फोडून आत जाते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, रक्तही फारसं येत नाही, दुखणं तासाभरानं सुरू होतं. मग बोट, कधी हात काढावा लागतो. असं काही झालं तर मलम लावत बसू नका, लगेच सर्जन असलेल्या दवाखान्यात जा आणि डिझेल दाबानं आत गेलंय हे शब्द डॉक्टरांना स्वतः सांगा. सिलेंडर बंद करून बघायचा तर स्कॅनरवरून करा. इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ रेलमध्ये दाब असतो.

८. बसवणं हे निम्मं काम आहे.

जुनं तांब्याचं वॉशर हेडच्या भोकात चिकटून राहतं, ते न बघता नवं टाकलं की दोन वॉशर झाली, इंजेक्टर वर राहिला, फवारा पिस्टनच्या वाटीत पडायच्या ऐवजी कडेवर पडला. टॉर्च आणि आरसा घेऊन भोकात बघायलाच हवं. आडव्या कनेक्टर नळीच्या इंजिनांत आधी इंजेक्टर हलका दाबायचा, मग नळी जागेवर बसवायची, मग इंजेक्टरचे बोल्ट टॉर्क पान्यानं पूर्ण, शेवटी नळी. क्रम उलटा केला तर नळीचं तोंड वाकडं बसतं, तिथून दाब गळतो आणि नवाकोरा इंजेक्टर बदनाम होतो. ती नळीही शक्यतो नवीच घ्या. सुती फडकं हेडजवळ नको. त्याचा एक धागा पुरे होतो.

९. इंजेक्टरच्या डोक्यावरचा कोड वाचा.

प्रत्येक इंजेक्टर कारखान्यातून निघताना किंचित वेगळा असतो. किती वेगळा, ते त्याच्यावर आकडे-अक्षरांत किंवा चौकोनी कोडात लिहिलेलं असतं. ज्या इंजिनांना हा कोड लागतो तिथे तो लॅपटॉप लावून त्या-त्या सिलेंडरसमोर भरायचा. बसवायच्या आधी फोटो काढून ठेवा, नंतर कव्हरखाली वाचता येत नाही. एकाचा इंजेक्टर दुसऱ्या सिलेंडरला लावून बघताना कोडही हलवावा लागतो, हे विसरलं की निदान भलतीकडे जातं.

१०. नवा, की रिकंडिशन?

शेठ लोकांचा पहिला प्रश्न हाच, म्हणून शेवटी ठेवलाय. लांब पल्ल्याची, जास्त जोराची, हप्त्याची गाडी असेल तर कंपनीचा नवा किंवा कंपनीनंच पुन्हा बांधलेला घ्या. खडीच्या खाणीत फिरणाऱ्या जुन्या हायवाला चांगल्या बेंचवर अस्सल नोझल आणि व्हॉल्व्ह टाकून रिकंडिशन केलेला चालतो. एक खराब निघाला आणि बाकी पाचांचं माप जवळजवळ आहे, तर एकच बदला. पाचही सरकलेत आणि गाडीनं चार लाख ओलांडलेत, तर सहाही. मधल्या गाड्यांसाठी कागद आडवा वाचावा लागतो, सरसकट उत्तर नाही.

बिल घ्याच. आणि काढलेले जुने इंजेक्टर दुकानात सोडून येऊ नका. आमच्याकडे भंगारवाला येतो तेव्हा तो लोखंडाच्या आधी खोक्यांचं विचारतो. ‘भाऊ, कंपनीची खोकी आहेत का? स्टिकर न फाटलेली?’ जुन्या बॉडीला पॉलिश मारून, बाजारू नोझल लावून ती त्याच खोक्यात परत विकायला निघते. भंगाराच्या किलोच्या भावापेक्षा त्या पुठ्ठ्याला तो जास्त देतो. मी नोझलचं टोक व्हाइसमध्ये धरून हातोड्यानं मोडतो, खोकं गिऱ्हाइकासमोर फाडतो, आणि भंगारवाला माझ्यावर नाराज आहे.